कावेरीकाठच्या घरात जुना सर्व्हर

सेकंडहँड सर्व्हरच्या जाहिराती चाळण्याआधी विजेचं शेवटचं बिल काढून समोर ठेवा. कुंभकोणमात त्याला सगळे ‘ईबी बिल’च म्हणतात, मंडळाचं नाव कितीदाही बदलो. ते दोन महिन्यांनी येतं आणि पहिली मेख तिथेच आहे. गेल्या काही वर्षांच्या रचनेत घरगुती जोडणीला पहिली १०० युनिटं मोफत असतात, पुढे टप्प्याटप्प्याने दर चढतो. दोन महिन्यांत ५०० युनिटं ओलांडली की वरची युनिटं तर महाग होतातच, शिवाय खालच्या टप्प्यांवरची सवलतही आटते. आता हिशेब मांडा. सतत १०० वॅट खाणारं यंत्र दिवसाला २.४ युनिटं घेतं, म्हणजे साठ दिवसांत १४४. पंखे, फ्रिज आणि रात्रीपुरता एसी मिळून तुमचं घर ४०० युनिटांवर थांबत असेल, तर सर्व्हर आल्यावर ते ५४४ वर जाईल. दर बदलत असतात, तेव्हा ताजं दरपत्रक बघून गुणाकार करा, पण गुणाकार केल्याशिवाय पुढे जाऊ नका. महाराष्ट्रात महावितरणचं बिल दरमहा येतं आणि टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तिथे हाच सर्व्हर महिन्याला ७२ युनिटांची भर घालेल.

बरं, १०० वॅट हा आकडा मी हात राखूनच घेतला आहे. दोन प्रोसेसर, आठ-दहा रॅमच्या पट्ट्या आणि पुढच्या कप्प्यांत मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या सॅस डिस्क भरलेला सर्व्हर काहीही काम न करता दीडशे वॅट सहज खातो. विकत घेताना मोजलेले पैसे एकदाच जातात, विजेचे मात्र यंत्र चालू असेपर्यंत जात राहतात. दीड-दोन वर्षांच्या बिलांत सर्व्हरच्या किमतीइतका आकडा जमला तर नवल वाटायला नको.

मग हे सर्व्हर इतके स्वस्त का मिळतात? यंत्र बिघडलेलं असतं म्हणून नव्हे. बँका, आयटी कंपन्या आणि डेटा सेंटरं तीन ते पाच वर्षांच्या वॉरंटीवर यंत्रं घेतात. मुदत संपली की देखभालीचा करार महाग होतो. तोवर नवी पिढी तेवढ्याच विजेत जास्त काम करू लागलेली असते, त्यामुळे जुनी यंत्रं गठ्ठ्याने लिलावात निघतात. कंपनीने जो विजेचा हिशेब करून ते यंत्र बाहेर काढलं, तोच आता तुमच्या घरी येणार असतो.

तेव्हा आधी एक अप्रिय प्रश्न. तुम्हाला खरंच सर्व्हर हवा आहे का? घरच्या फोटोंचा साठा, जाहिराती अडवणारी एखादी सेवा, सिनेमांची लायब्ररी, लिनक्स शिकण्यासाठी चार-पाच आभासी यंत्रं एवढंच करायचं असेल, तर ऑफिसांतून निघालेले पुस्तकाएवढे डेस्कटॉप घ्या. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी यांपैकी कुठलाही चालेल. निवांत असताना तो दहा-पंधरा वॅट घेतो, आवाज जवळजवळ नसतोच, आणि असे तीन जोडले तरी क्लस्टरचे सगळे धडे गिरवता येतात. मला विचाराल तर विचारणाऱ्या बहुतेकांना मी हाच सल्ला देतो आणि बहुतेकांना तो आवडत नाही.

सर्व्हरच हवा, अशीही कारणं आहेत. दोन-अडीचशे जीबी रॅम लागणारं काम. चूक पकडणारी ईसीसी रॅम. आठ-बारा डिस्क एकाच पेटीत. १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड एकत्र लावण्याइतक्या पीसीआय मार्गिका. किंवा डेटा सेंटरमधलीच नोकरी हवी असल्यामुळे त्याच यंत्रावर हात बसवणं. ‘शास्त्र’ विद्यापीठाचं श्रीनिवास रामानुजन केंद्र इथे गावातच आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला आयडीआरएसी, रेड, फर्मवेअर हे शब्द मुलाखतीच्या आधी हाताखालून गेलेले असणं उपयोगी पडेलच. आणखी एक कारण जरा आमच्या पंचक्रोशीचं. दिवाण टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते याच गावात, आणि तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांत मोडी कागद, वंशावळी, जुने फोटो अजून पेट्यांत सापडतात. चांगल्या दर्जाचं स्कॅनिंग केलं की एकेका पानाची फाइल कित्येक एमबींची होते. असा संग्रह वर्षानुवर्षं न बिघडता ठेवायचा, तर ईसीसी रॅम आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज तपासणारी झेडएफएससारखी फाइल व्यवस्था यांना अर्थ आहे. मात्र त्यासाठी दोन प्रोसेसर लागत नाहीत, एक पुरतो.

पिढी निवडताना किंमत बघून मागे जाण्याचा मोह होतो. डेलच्या पॉवरएज मालिकेत आर ७२० हा २०१२ चा, आर ७३० हा २०१४ चा आणि आर ७४० हा २०१७ चा. एचपीत त्यांच्याच बरोबरीची प्रोलायंट डीएल ३८० ची आठवी, नववी आणि दहावी पिढी. आर ७२० आणि आठवी पिढी आज घेऊ नका, फुकट मिळाली तरी दोनदा विचार करा. त्यांत डीडीआर ३ रॅम आहे, वीज जास्त जाते आणि त्यांच्या प्रोसेसरांत एव्हीएक्स २ हा सूचनासंच नाही. हे शेवटचं किरकोळ वाटतं, पण मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ने किमान पातळीच तिथे नेऊन ठेवली आहे. म्हणजे ज्या नोकरीसाठी शिकायचं, तिथली प्रणालीच या यंत्रावर चढणार नाही. आर ७३० मधले झिऑन ई५ च्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचे प्रोसेसर ही अट पूर्ण करतात. तीच आजची वाजवी खालची पायरी. पैसे असतील तर आर ७४०.

उंचीही बघा. एक यू (रॅकमधलं एक घर) जाडीचा चपटा सर्व्हर दिसायला सुटसुटीत, पण त्यात जेमतेम ४० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि ते किंचाळतात. दोन यूमधले पंखे मोठे, म्हणून हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतात. घरासाठी दोन यूच घ्या, किंवा उभं ठेवायचं टॉवर मॉडेल मिळालं तर त्याहून बरं. टॉवर ऑफिसच्या खोलीत माणसांशेजारी ठेवण्यासाठीच बनवलेले असतात, पण बाजारात ते कमी येतात. दोन यूची खोली पाऊण मीटरच्या आसपास असते आणि भरलेल्या यंत्राचं वजन तीस किलोच्या घरात. घराघरांतल्या भिंतीवरच्या छोट्या नेटवर्क रॅकमध्ये ते बसत नाही. जमिनीवर मजबूत लाकडी चौकट करून घेतली तरी चालतं, फक्त पुढची आणि मागची जाळी मोकळी राहिली पाहिजे.

आता उष्णता. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुण्यात चालून जाणारी मांडणी कावेरीच्या खोऱ्यात चालेलच असं नाही. बहुतेक सर्व्हरची नेहमीची मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि हा आकडा पुढच्या जाळीतून आत जाणाऱ्या हवेचा. एप्रिल ते जून दुपारी इथे बाहेरच पारा ३५ च्या वर जातो. गच्चीखालच्या खोलीत तर संध्याकाळी सातलाही भिंत हाताला गरम लागते. म्हणून वरच्या मजल्यावरची ‘रिकामी आहे ना’ ती खोली सर्व्हरसाठी नाही. जुन्या घरातली तळमजल्यावरची, जाड भिंतींची, उत्तरेकडची खोली सगळ्यांत चांगली.

उष्णता प्रमाणाने किती ते मात्र नीट समजून घ्या, म्हणजे नको तिथे पैसे जाणार नाहीत. दीडशे वॅटचा सर्व्हर तासाला सुमारे ५१२ बीटीयू उष्णता सोडतो. एक टनी एसीची क्षमता १२,००० बीटीयू. म्हणजे सर्व्हर ही एसीपुढे क्षुल्लक गोष्ट आहे. त्याच्यासाठी वेगळा एसी लावणं ही उधळपट्टी. खरा धोका हवा कोंडण्याचा आहे. कपाटात, जिन्याखाली दार लावून किंवा भिंतीला पाठ चिकटवून ठेवलेला सर्व्हर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो आणि तासाभरात आतलं तापमान दहा अंशांनी वर नेतो. पाठीमागे निदान एक फूट मोकळी जागा आणि गरम हवा खोलीबाहेर फेकणारा साधा एक्झॉस्ट पंखा एवढ्याने वर्षाचे आठ-नऊ महिने निभावतात. उरलेल्या उन्हाळ्यात दुपारी सर्व्हर बंद ठेवा. घरच्या प्रयोगशाळेला चोवीस तास चालण्याची शपथ कोणी घातलेली नाही. सकाळी सहाला आयपीएमआय या दुरून यंत्र सांभाळण्याच्या सोयीच्या एका आज्ञेने चालू, अकराला बंद, रात्री पुन्हा चालू. सर्व्हरचं वीजबिलही त्याने उतरतं.

दमट हवेची भीती बाळगली जाते तेवढी ती वाईट नाही. पाणी धरतं ते थंड धातूवर. रात्रभर एसीत गारठलेली, बंद असलेली पेटी सकाळी खिडक्या उघडून लगेच सुरू करू नका. तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो तेव्हा हे विशेष. मुंग्या आणि पाली यांचा बंदोबस्तही करा. पॉवर सप्लाय ऊबदार असतो आणि बंद यंत्रात पालीला तो आवडतो. मागच्या रिकाम्या खाचांवर पत्र्याच्या पट्ट्या लावलेल्याच असाव्यात, नसतील तर मागून घ्या.

पंख्यांबद्दल एक गोष्ट आधी माहीत असू द्या. डेलच्या यंत्रात परक्या कंपनीचं पीसीआय कार्ड लावलं की ते ओळखीचं नाही म्हणून पंखे जोरात धावू लागतात. आर ७३० च्या काळातल्या यंत्रांत आयपीएमआयच्या आज्ञांनी पंखे हाताने हळू करता येतात. आयडीआरएसी ९ या डेलच्या दूरव्यवस्थापन चिपच्या नव्या फर्मवेअरने ही सोय बंद केली. हाताने वेग ठरवला तर तापमान वाचून तो पुन्हा वाढवणारी छोटी स्क्रिप्ट लावलीच पाहिजे. डिसेंबरात ठरवलेला वेग मे महिन्यात पुरत नाही. आणि घरात दुपारी झोपणारी आजी असेल, तर कुठलीही स्क्रिप्ट तिचं समाधान करणार नाही. खोलीच बदला.

विजेच्या बाबतीत सगळ्यांत आधी अर्थिंग तपासा, आणि ते वायरमनकडून मीटर लावून. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे कंडेन्सर पेटीच्या धातूला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पेटीवर साधारण अर्धा दाब, शंभर-सव्वाशे व्होल्ट, तरंगत राहतो. हाताला मुंग्या येतात, नेटवर्कच्या तारेतून तो दुसऱ्या यंत्रांत शिरू शकतो आणि पोर्ट जळू शकतात. जुन्या अग्रहारांतल्या घरांची वायरिंग वाढत वाढत गेलेली असते. तीन छिद्रांचा सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या छिद्रात तार आहेच असं समजू नका. याचीच दुसरी बाजू अशी की गळती पकडून वीज तोडणारा ३० मिलिअँपचा आरसीसीबी लावलेल्या घरात दोन-दोन पॉवर सप्लायचे दोन सर्व्हर, फ्रिज आणि एसी यांची थोडीथोडी गळती एकत्र होऊन तो विनाकारण पडू लागतो. सर्व्हरला स्वतंत्र आरसीबीओ द्या. आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नका.

करंट जाणं इथे दोन तऱ्हेचं. एक ईबी आधी जाहीर करते तो देखभालीचा शटडाउन, सबस्टेशननिहाय, सकाळपासून दुपारपर्यंत किंवा संध्याकाळपर्यंत. दुसरा वारा-पावसाचा, न सांगता. घरचा इन्व्हर्टर दोन्हीला पुरेल असं वाटतं, पण तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्क्वेअर वेव्हवर सर्व्हरचे पॉवर सप्लाय गुरगुरतात किंवा बंदच पडतात. शिवाय साध्या इन्व्हर्टरचा अदलाबदलीचा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, सर्व्हरला चालेलच असं नाही. मधे एक छोटा यूपीएस ठेवा आणि तो यूएसबी तारेने सर्व्हरला जोडून ‘नट’ हे मोफत सॉफ्टवेअर लावा, म्हणजे बॅटरी अर्धी झाली की यंत्र स्वतः शिस्तीत बंद होईल. यूपीएसकडून तासांची अपेक्षा नको, पाच-दहा मिनिटं पुरेत. वादळी विजांसाठी मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवा. गच्चीवरून शेजारच्या घरात तांब्याची नेटवर्क केबल नेली असेल तर ती काढून फायबर टाका.

वीज वाचवण्याचे चार उपाय यंत्र उघडूनच होतात. दुसरा प्रोसेसर काढा. त्याच्या ताब्यातल्या रॅमच्या अर्ध्या खाचा आणि काही पीसीआय जागा मग निकामी होतात, ते गृहीत धरा, आणि रिकाम्या सॉकेटवर झाकण व हवेची पट्टी लावा. आठ सॅस डिस्क निवांत फिरतानाही चाळीस-पन्नास वॅट खातात. त्याऐवजी दोन एसएसडी आणि दोन मोठ्या साध्या डिस्क ठेवा. सॅसच्या खाचेत साटा डिस्क चालते, उलटं चालत नाही. रॅमच्या लहान सोळा पट्ट्यांऐवजी मोठ्या चार. आणि दोनपैकी एक पॉवर सप्लाय ओढून ठेवा, घरात दुसरा वीजमार्ग तसाही नाही. मग प्लगमध्ये मीटर लावून मोजा. विक्रेत्याचा आकडा आणि मीटरचा आकडा सहसा जुळत नाहीत.

खरेदीला चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड या नेहमीच्या जागा. कुंभकोणमहून चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर, रात्रीच्या गाडीने जाऊन यंत्र डोळ्यांसमोर चालू करून बघणं शक्य आहे, आणि तेच करा. जीएसटीचं बिल मागा. चोरीचा किंवा भाड्याने दिलेला माल ओळखण्याची ती पहिली चाळणी. सर्व्हिस टॅग उतरवून घ्या, डेलच्या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ कोणत्या भागांसह आणि कधी यंत्र निघालं ते कळतं. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात आणि एक जरी वाकली तरी रॅमचा एखादा मार्ग गायब होतो. म्हणून सुरू केल्यावर सगळी रॅम दिसते का ते मोजा. रेड कार्डाची बॅटरी फुगलेली आहे का बघा. डिस्कचे पुढचे ट्रे विक्रेते काढून वेगळे विकतात. ते, आणि रेल, बोलीत आहेत का ते लिहून घ्या. डिस्क दिल्या असतील तर स्मार्टसीटीएलने किती तास चालल्या ते वाचा. चाळीस हजार तास म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त. अशा डिस्कवर मोडी कागद ठेवू नका. आधीच्या मालकाचा डेटा दिसलाच तर तो चाळत बसू नका, पुसून टाका.

पार्सल लॉरीने पाठवायचं असेल तर डिस्क काढून वेगळ्या बांधा, रॅम आणि हीटसिंक आत हलत नाहीत ना ते बघा, आणि खोक्यात चारही बाजूंनी जाड फोम. लॉरीवाले ‘फ्रजाइल’ वाचत नाहीत.

यंत्र घरी आलं की मेमटेस्ट रात्रभर चालू द्या, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला, फर्मवेअर चढवा. इथे डेल आणि एचपी वेगळे वागतात. डेलचं फर्मवेअर कोणालाही उतरवता येतं. एचपीने फेब्रुवारी २०१४ पासून प्रोलायंटचं बायोस वॉरंटी किंवा करार असलेल्यांपुरतं ठेवलं. म्हणून पहिल्या सर्व्हरसाठी मी डेल सुचवतो. एचपीच घेतलात तर आयएलओ ४ या त्याच्या दूरव्यवस्थापन चिपचं फर्मवेअर २.५३ किंवा त्यापुढचं आहे ना ते पाहा. त्याआधीच्या आवृत्त्यांत २९ वेळा ‘ए’ हे अक्षर पाठवून परवलीच्या शब्दाशिवाय आत शिरता येत होतं. डेलच्या जुन्या यंत्रांवर ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’ ही नाव व परवलीच्या शब्दाची जोडी तशीच राहिलेली असते, ती पहिल्या दिवशी बदला. कुठल्याही परिस्थितीत हे व्यवस्थापनाचं पोर्ट इंटरनेटला उघडं करू नका.

प्रणालीचा प्रश्न आता सोपा झाला आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर आभासी यंत्रं चालवणारं त्यांचं मोफत ईएसएक्सआय आधी बंद झालं, मग एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. अशा लहरीवर घर उभारू नये. डेबियनवर आधारलेलं ऑस्ट्रियन प्रॉक्समॉक्स घ्या. झेडएफएस वापरणार असाल तर रेड कार्ड एचबीए मोडमध्ये टाका, नाहीतर डिस्कची खरी प्रकृती झेडएफएसला दिसतच नाही. बाहेरून पोचायचं तर बहुतेक घरगुती फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, तेव्हा पोर्ट उघडण्याच्या फंदात न पडता टेलस्केल वापरा.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गाजा वादळ वेदारण्यमजवळ धडकलं तेव्हा या सगळ्या त्रिभुज प्रदेशातले विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. असं वादळ लक्षात ठेवलं तर घरातल्या सर्व्हरवर दोन डिस्कांत ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. एक प्रत दुसऱ्या गावी, भावाकडे नाहीतर मुलीकडे, साध्या बाहेरच्या डिस्कवर असू द्या आणि पोंगलला व दिवाळीला भेटाल तेव्हा बदलत जा. कधीतरी त्या डिस्कवरून एखादी फाइल उघडूनही बघा.

यंत्राचा कंटाळा आला किंवा ते गेलं, तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे द्या. त्याआधी रॅम आणि ट्रे काढून ठेवा. तुमच्यानंतर आर ७३० घेणारा कोणीतरी नेमके तेच शोधत असतो, आणि पुढच्या सर्व्हरच्या बिलातला थोडा भाग त्यातून निघतो.